चौदा पाहुण्यांची पंगत

वायटूकेच्या धावपळीत मी पुण्यात कोबोल तपासत बसायचो. हिरव्या अक्षरांच्या स्क्रीनवर सीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम उघडायची आणि अख्खा मेनफ्रेम आपल्याच तैनातीला आहे असं वाटायचं. चहाच्या टपरीवर एका सीनियरने भ्रम मोडला : "अरे, त्या यंत्रावर तुझ्यासारखे शंभर बसलेत."

प्रत्येकाला अख्खं यंत्र भासवायची ही करामत आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्राची. रॉबर्ट क्रीसींच्या गटाने सिस्टिम/३६० मॉडेल ४० मध्ये फेरफार करून सीपी-४० उभी केली. १९६७ च्या जानेवारीत ती रोजच्या कामाला लागली. एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रं, प्रत्येकाला २५६ के मेमरी. गंमत अशी, की मॉडेल ४० ला खरी मेमरीच जास्तीत जास्त २५६ के बसायची! म्हणजे स्वयंपाक एकाचा आणि आमंत्रण चौदा जणांना, सगळे एकदम जेवायला बसणार नाहीत या भरवशावर. जो थांबलाय त्याचं पान उचलून बाजूला ठेवायचं. मेमरीच्या तुकड्यालाही आपण पानच म्हणतो, हा योगायोग मला फार आवडतो.

१९७२ मध्ये आयबीएमचं व्हीएम/३७० आलं; व्हीएम म्हणजे हेच आभासी यंत्र. पुढे साध्या सर्व्हरवर हे यायला जवळजवळ तीस वर्षं गेली : व्हीएमवेअरचं ईएसएक्स २००१ चं. तोवर आमच्याकडे एका ॲप्लिकेशनला एक डबा, आणि निम्मे डबे नुसते एसीची हवा खात.

मग आमच्याकडेही ईएसएक्स आलं आणि पंगत बसवायचं, म्हणजे कुठलं व्हीएम कुठल्या होस्टवर, कुठल्या खऱ्या यंत्रावर, ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. एक्सेलची शीट : आडव्या रांगेत होस्ट, खाली व्हीएम, कडेला रॅम. सगळ्या सर्व्हरांवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची तीन व्हीएम होती – कन्सोल, डेटाबेस आणि माहिती गोळा करणारा कलेक्टर. तिघांचं आपसात सतत बोलणं, म्हणून मी त्यांना हौसेने एकाच होस्टवर बसवलं. एका दुपारी त्याच होस्टचा मदरबोर्ड गेला. पेरोल बंद, मेल बंद, आणि अलर्ट एकही नाही.

"कळलं कसं नाही?" साहेबांनी विचारलं.

"कळवणारा आतच होता, सर."

२००६ मध्ये व्हीएमवेअरने डीआरएस आणलं. अमुक दोन व्हीएम एका होस्टवर कधीच नकोत, असा नियम त्यात लिहिता येऊ लागला. पण तोवर धीर कोणाला होता? मी शीटमध्ये तिघांना तीन होस्ट दिले आणि त्या चौकटी लाल रंगवल्या. शिवाय भंगारात निघालेला एक टॉवर टेबलाखाली लावला. कन्सोल जिवंत आहे का, एवढंच तो दर पाच मिनिटांनी विचारायचा. झाडूवाल्या मावशी प्लग काढतील म्हणून त्यावर स्केच पेनने लिहिलं होतं : "हा बंद दिसला तरी चालू आहे."