बकासुराचा गाडा आणि वर्ध्याचा कास्तकार

केळझर हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले, नागपूर–वर्धा रस्त्यावरचे गाव. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे ते विदर्भाच्या अष्टविनायकांत गणले जाते. लोकपरंपरेत त्याची आणखी जुनी ओळख आहे. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले ते याच परिसरात, असे मानतात. एकचक्रेचा मान सांगणारी गावे बिहार-बंगालातही आहेत. तरीही ज्या मुलखाने ही कथा आपली मानली, तिथे घरावर येणाऱ्या ताणाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. संकटात सापडलेल्या घराचे इतके बारकाईचे चित्र जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडते.

आदिपर्वातल्या या कथेत नगरीने राक्षसाला भाताचा गाडा, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यायचा असतो. प्रत्येक घराची पाळी ठरलेली; ती पुष्कळ वर्षांनी येते, पण चुकवता येत नाही. एका ब्राह्मणाच्या घरी ती येते, तेव्हा तो आधी बायकोला बोल लावतो : गाव सोडू म्हटले तेव्हा माहेरच्या ओढीने तूच अडून बसलीस. बायको म्हणते, मीच जाते. मुलगी म्हणते, नाहीतरी मी परक्याचे धन, मला पाठवा. घरात कोणावाचून चालेल, याचा हिशेब त्या घराला उघड मांडावा लागतो. तेवढ्यात बोबडे बोलणारा धाकटा मुलगा गवताची काडी उगारून राक्षसाला मारायला निघतो आणि रडणाऱ्यांना हसू फुटते. जुना राग उकरून काढणे, स्वतःला ओझे समजणे, लेकराकडे बघून क्षणभर दुःख विसरणे, हे सारे ताणाखालच्या कुठल्याही घरात दिसते. त्याच घरात आसऱ्याला राहिलेली कुंती ते रडणे ऐकून आत जाते, काय झाले म्हणून विचारते आणि सुटकेची वाट तिथून निघते. प्रजेला न राखणाऱ्या राजालाही कथेतला ब्राह्मण दोष देतो. दुःख घरातले असले तरी त्याचे कारण घराबाहेर आहे, याची ही स्वच्छ जाण आहे.

ऐतिहासिक काळात या मुलखातली पाळी कापसाच्या हिशेबाने येऊ लागली. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या मालाला सोन्याचे दिवस आले. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. युद्ध संपले, भाव कोसळले. मात्र तेजीत काढलेले कर्ज तसेच राहिले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी घटलेली दिसते.

अशा काळात घरे तगली ती नात्यागोत्याच्या आणि शेजाराच्या बळावर. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजारी आणि सोयरे भाकरी-पिठले घेऊन येतात. बायांना जात्यावरच्या ओव्यांत मन मोकळे करता येई. सासरचा जाच आणि माहेरची आठवण तिथे उघड बोलली जाई. पुरुषांना तशी जागा कमीच होती. ती भजनी मंडळांनी आणि पुढे तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेने काही अंशी दिली. कर्जाच्या बाबतीत १९३३ च्या मध्य प्रांत कर्जसमेट कायद्याने ऋणको आणि धनको यांना मंडळापुढे समोरासमोर आणले. कर्ज ही लपवायची लाज नसून तडजोडीने सोडवायची बाब आहे, हे त्यातून सरकारी पातळीवर मान्य झाले.

कर्ज, पाऊस आणि भाव यांचा फास मात्र सुटला नाही. मृगाच्या भरवशावर सरकी टोबावी, पावसाने दडी मारावी, कोंब करपावेत आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कृषी केंद्रात उधारी करावी लागावी. कास्तकाराच्या घरातले बोलणे त्या आठवड्यात तुटक होते. सोसायटीचे कर्ज थकले की सावकार, सावकारानंतर बायकोचे दागिने आणि मुलीचे लग्न पुढे ढकलणे, असा क्रम चालतो. शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण वाढल्यावर २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात वर्धा होता. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते, पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. घरचा माणूस गेल्यानंतर त्याचा सातबारा आणि थकबाकीचे कागद जमवत तहसिलीत खेटे घालणे हा विधवेच्या वाट्याला आलेला दुसरा ताण आहे, आणि तो व्यवस्थेने लादलेला आहे.

मनाच्या दुखण्याकडे लक्ष उशिरा गेले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने गावातल्याच माणसांना समुपदेशन शिकवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. राज्याने २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन झोप, जेवण, कर्ज यांची विचारपूस करतात. कुंतीने केले तेच काम आशाताई करतात, आणि त्यांच्या तुटपुंज्या मानधनाकडे पाहता त्याची किंमत अजून ओळखली गेलेली नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही राष्ट्रीय सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, मराठीत आणि विनामूल्य बोलता येते.