कूळ आणि कुडी

पापनाशमच्या तिरुप्पालैत्तुरै देवळात नायककालीन विटांचं उंच धान्यकोठार आहे. कावेरीच्या या पट्ट्यात भात पिकवण्याइतकाच तो वाटून घेण्याचाही प्रश्न होता. शेतमजूर संघटित झाल्यावर, १९५२ साली, राजाजींच्या सरकारनं खास तंजावर जिल्ह्यासाठी कायदा केला. कुळाला बेदखलीपासून संरक्षण आणि पिकाचा किमान दोन-पंचमांश वाटा मिळाला.

या कायद्याच्या नावातच 'पण्णैयाळ' आहे. मराठीत मी त्याला 'सालगडी' म्हणते, पण तेवढ्यानं भागत नाही. पण्णैयाळाची झोपडीही बहुधा मालकाच्याच जमिनीवर असे. मजुरीवरून वाद घातला, की डोक्यावरचं छप्परही धोक्यात येई. त्याच्यासाठी भात आणि घर ही एकच गरज होती. कायद्यानं मात्र ती हप्त्याहप्त्यानं ओळखली. झोपडीतून हुसकावण्याला बंदी १९६१ साली आली. डिसेंबर १९६८मध्ये, तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी गावात, मजुरीच्या संघर्षातून ४४ दलितांना जाळून मारलं गेलं. त्यांत बहुतेक बायका-मुलं होती आणि ती एका झोपडीच्या आश्रयाला गेली होती. रास्त मजुरीचा कायदा १९६९चा, तर झोपडीखालच्या जागेची मालकी देणारा १९७१चा.

तमिळ 'कुडी'त घर, कुटुंब आणि रयत असे तिन्ही अर्थ आहेत. आपल्या 'कूळ' शब्दातही वंश आणि दुसऱ्याची जमीन कसणारा एकत्र नांदतात. भाषेनं जे एका शब्दात कधीच मान्य केलं होतं, तिथवर पोचायला विधिमंडळाला चार कायदे आणि १९ वर्षं लागली.