पाण्यात बुडालेलं तळं

नकाशावरून एखादं तळं नाहीसं झालं, तर ते आटलं असेल असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या किनाऱ्यावर मात्र तळी पाण्यातच बुडाली. 2011 ते 2013 या काळात 'नोआ' या सरकारी संस्थेने प्लॅकमिन्स परगण्याच्या सागरी नकाशांवरून तीसएक नावं काढून टाकली. येलो कॉटन बे, फ्लर पाँड. भोवतालची जमीनच गेल्यावर खाडीला खाडी म्हणणार कशी?

ही दलदल मिसिसिपीने हजारो वर्षं गाळ टाकून घडवली. असा गाळ सतत खचत असतो. दर पुरात नवा थर मिळाला, तरच जमीन पाण्यावर टिकते. 1927च्या महापुरानंतर नदीला उंच बांधांमध्ये कोंडलं गेलं. गावं वाचली, पण गाळ थेट खोल समुद्रात जाऊ लागला. त्यात तेल कंपन्यांनी दलदलीतून हजारो किलोमीटरचे कालवे खोदले. त्यातून खारं पाणी आत शिरलं, गवत मेलं आणि मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली.

1932 ते 2016 या काळात इथली सुमारे 4,833 चौरस किलोमीटर जमीन गेली. म्हणजे अख्ख्या गोव्याहून जास्त!

हे मोजायचं कसं? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला वाटलं, दोन उपग्रहचित्रं घ्यायची आणि वजाबाकी करायची. पण लँडसॅटचा एक पिक्सेल 30 मीटरचा. त्यात अर्धं गवत, अर्धं पाणी असेल तर त्याला काय म्हणायचं? हिवाळ्यात उत्तरेचा वारा पाणी समुद्राकडे ढकलतो, की त्या दिवशी 'जमीन' वाढलेली दिसते. म्हणून अनेक वर्षांची अनेक चित्रं, जुनी हवाई छायाचित्रं आणि त्याआधीची सर्वेक्षणं एकत्र लावावी लागतात.

त्याच चित्रांत वॅक्स लेकजवळ नवी जमीनही उगवताना दिसते. 1941च्या सुमारास पुराचं पाणी वळवायला तिथे कालवा काढला होता. 1973च्या पुरानंतर त्याच्या मुखाशी गाळाची बेटं वर आली. नदीला वाट दिली की ती अजूनही जमीन घडवते.

आमच्या कामात कोडची जुनी आवृत्ती कुणी डिलीट करत नाही. काय, कधी आणि का बदललं, ते तिच्यावरूनच कळतं. फ्लर पाँड असलेला नकाशाही तसाच जपायला हवा. उद्या कुणी म्हणालं, इथे पहिल्यापासून समुद्रच होता, तर दाखवायला काहीतरी हवं ना?