वसईच्या घंटा

महोत्सवाच्या या स्मरणपुस्तिकेत आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेची थोरवी इतरांनी यथायोग्य गाइलीच आहे. ती पुनः न गाता आम्ही एका जुन्या वस्तूचा वृत्तांत प्रिय वाचकांपुढे ठेवणार आहो. ती वस्तू म्हणजे घंटा. आणि तीही आपल्या देवळातील नव्हे, तर आपल्या हिंदू बांधवांच्या देवळांतील.

नाशकास गोदावरीच्या तीरी सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधविलेले शिवमंदिर आहे. त्याच्या तटाच्या दर्शनी भागी जी थोरली घंटा टांगलेली आहे, तिजवर १७२१ हे इसवी सन कोरलेले आहे. वाईनजीक मेणवलीस कृष्णाकाठी नाना फडणविसांच्या घाटावर दुसरी घंटा आहे. तिजवर १७०७ हे साल असून बाळ येशूस घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. भीमाशंकराच्या आवारातही अशीच एक घंटा लोंबते. देवळे हिंदूंची आणि घंटा ख्रिस्ती लोकांच्या, हे कसे घडले?

वसईचा मुलूख फिरंग्यांच्या हाती आला तो १५३४ साली, गुजरातच्या बहादुरशहाशी झालेल्या तहाने. पुढे दोनशे वर्षे त्यांचा अंमल चालला. त्या काळात आपल्या पूर्वजांस ख्रिस्तप्रसाद लाभला, याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. परंतु त्याच सत्तेने हिंदूंची देवळे मोडली, त्यांच्या उघड पूजाअर्चेस बंदी घातली, हेही तितकेच खरे आहे, आणि जुबिलीच्या आनंदात ते झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मालाडचे अंताजी रघुनाथ व अंजूरचे गंगाजी नाईक यांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणे नेले, ते उगाच नव्हे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, आणि १७३९ च्या मे महिन्यात दीर्घ वेढ्यानंतर चिमाजी आप्पांपुढे वसईचा किल्ला नमला. आप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला होता. तो त्यांनी देऊळ बांधून फेडला. देवळादेवळांतील घंटा उतरवून विजयी सरदार आपापल्या मुलखात घेऊन गेले. आपल्या पूर्वजांस त्या दिवशी काय वाटले असेल, त्याची कल्पना ज्याने लहानपणापासून एकाच घंटेच्या नादावर दिवस मोजला आहे, त्यालाच करता येईल.

तथापि त्याच वेळी किल्ला खाली करून देण्याची जी कलमे ठरली, त्यांत एक कलम असे होते की, ख्रिस्ती लोकांसाठी तीन देवळे राखावी: एक शहरात, एक वसई प्रांतात व एक साष्टीत. मागणी हरलेल्या फिरंग्यांची होती. ती मान्य करणे न करणे सर्वस्वी जेत्याच्या हाती होते. लढाईत असंख्य माणसे गमावलेल्या सेनापतीने ती मान्य केली. युरोपीय पाद्री निघून गेले, पण गोव्याचे देशी धर्मगुरू कळपापाशी राहिले, आणि मराठ्यांच्या अमलात मिस्सा चालू राहिली. आज आपण जुबिली साजरी करीत आहो, त्यात त्या कलमाचाही वाटा आहे, असे आम्ही समजतो.

आमच्या धर्मग्रामातील काही तरुण कधी कधी विचारतात की, या घंटा परत का मागू नयेत? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. हिशेबाची वही उघडावयाची तर ती दोन्ही बाजूंनी उघडावी लागेल, आणि मोडलेल्या देवळांचे पान आपल्या बाजूस निघेल. शिवाय हेही पाहावे की, तोफांसाठी धातू हवा असण्याच्या त्या दिवसांत या घंटा वितळविल्या गेल्या नाहीत. मेणवलीच्या घंटेवरील मरियामातेची आकृती कोणी छिन्नीने घासून टाकली नाही. ज्यांनी ती नेली त्यांनी ती देवाच्याच दारी टांगली.

वसईत सामवेदी ब्राह्मण व सामवेदी ख्रिस्ती यांच्या घरी एकच कादोडी बोली बोलली जाते. चुलीपाशी आईने मुलास रागे भरावयाचे शब्दही तेच! मग पाटलाची वेस ओलांडताच शेजाऱ्याच्या देवास हिणकस नाव देण्याची जी खोड आपल्यातील काहींच्या जिभेस आहे, ती कोठून आली? धर्मसभेने ती शिकविली नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन विश्वपरिषदेने प्रसिद्ध केलेल्या पत्रकात अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर धर्मसभा करीत नाही, असे सांगितले आहे. त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी, १६१६ साली, इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापविले; पुराण हा शब्द त्यांनी शेजाऱ्याकडूनच घेतला. आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांस मिळाले, तेव्हा तो मान देणारे बहुतेक ख्रिस्ती नव्हते.

आपल्यापैकी जे कोणी नाशकास जातील, त्यांनी सवड काढून नारोशंकराच्या देवळापाशी अवश्य थांबावे. तेथील रीतीप्रमाणे पादत्राणे काढावी, घंटेवरील साल मुलांस वाचून दाखवावे, आणि ती कोठून आली असे मुलांनी विचारल्यास वरील सर्व हकीकत, आपल्या बाजूचे पानही न वगळता, त्यांस सांगावी.