ऐकून घेणारी माणसं

बार्देशातल्या माझ्या दवाखान्यात दुपारची गर्दी ओसरली की काही बायका हळूच आत यायच्या. तक्रारी ठरलेल्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, हातापायांत त्राण नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तपासावं तर रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिनही बरं. उठता उठता म्हणायच्या, ''डॉक्टरबाई, ताकदीचं एक इंजेक्शन द्या.'' मग बी-कॉम्प्लेक्स टोचायचं, पांढऱ्यासाठी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या लिहायच्या. गोव्यातल्या बहुतेक दवाखान्यांची हीच रीत होती. चार आठवड्यांनी तीच बाई पुन्हा दारात.

कृत्रिम निद्रेचं कारण निद्रिस्ताच्याच मनात असतं, हे पॅरिसला सांगणारे आबे फारिया आमच्याच कांदोळीचे. पणजीत त्यांचा पुतळा आहे. तरीही मनाचा आजार म्हटलं की आमच्याकडे आठवायचं ते मनोरुग्णालय, नि तिथे दाखल केलेलं कुणीतरी. भात शिजवणाऱ्या, मुलांना शाळेत धाडणाऱ्या बाईला असं काही असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसायचं.

मूळचे मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी हरारेत काम केलं होतं आणि १९९६ साली सहकाऱ्यांसोबत गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू केली. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या गरोदर बायकांचा त्यांच्या गटाने बाळंतपणानंतरही मागोवा घेतला. २००२ साली निष्कर्ष छापून आले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण यांच्याबरोबर आणखी एक कारण निघालं: मुलगी झाली म्हणून. तो अहवाल वाचताना माझ्यासमोर कित्येक चेहरे उभे राहिले.

मग हळदोणे आरोग्यकेंद्राच्या परिसरात 'स्त्री आरोग्य शोध' हा अभ्यास झाला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा चिंता-नैराश्याशी जास्त घट्ट असल्याचं त्यातून दिसलं. माझ्या मते आमच्या भागासाठी याहून मोलाचं संशोधन दुसरं झालेलं नाही. बायका आपलं दुखणं सांगतच होत्या, पण आम्ही त्यावर प्रतिजैविकं लिहीत होतो.

उपचार सापडायला मात्र वेळ लागला. २००३ सालच्या चाचणीत फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने दोन महिन्यांत फरक पडला. बोलण्याचा उपचार मात्र नुसत्या प्लासिबो गोळीपेक्षा सरस ठरला नाही. ते निकाल या मंडळींनी जसेच्या तसे छापले आणि काम पुढे नेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यानंतरच्या 'मानस' चाचणीत २४ दवाखाने होते, १२ सरकारी आणि १२ खाजगी. निम्म्या ठिकाणी आरोग्यसेवेचा कसलाही अनुभव नसलेले स्थानिक समुपदेशक दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन नेमले गेले. ते रोग्याशी आजाराचं नाव घेऊन बोलत नसत, 'टेन्शन'बद्दल बोलत. झोपेचं, श्वासाचं, घरातल्या भांडणांचं बोलणं व्हायचं. गरज पडली तर डॉक्टर गोळी देत, आणि मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार असे. २०१०च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले. समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांतले ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. जिथे समुपदेशक नव्हते, तिथे हेच प्रमाण ४२.५ टक्के होतं. खाजगी दवाखान्यांत दोन्हीकडे फारसा फरक आढळला नाही, कारण तिथले रुग्ण एरवीही बऱ्यापैकी सुधारत होते. मला याचं नवल वाटलं नाही. गावातला खाजगी डॉक्टर बाईच्या सासूलाही ओळखतो, धाकट्याचा दमाही त्याला ठाऊक असतो. सरकारी केंद्रात दर वेळी खुर्चीत डॉक्टर नवा, आणि रांग दारापर्यंत. ओळखीच्या माणसाची खरी गरज तिथेच होती.

पुढे गोव्यातल्याच दहा सरकारी केंद्रांत आणखी साधा उपचार तपासला गेला. सहा ते आठ बैठका, केंद्रात किंवा घरी. समुपदेशक विचारतो, सकाळपासून काय काय केलंत? त्या त्या वेळी मन कसं होतं? ते कागदावर उतरवतात आणि सोडून दिलेलं एखादं काम पुढच्या बैठकीपर्यंत करायचं ठरतं. शेजारणीकडे जाणं असेल, परसातली झाडं असतील. २०१७ साली निकाल आले. तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेले ६४ टक्के, तर नेहमीच्याच उपचारावर असलेल्यांत ३९.

हेच काम अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतही झालं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी पोचणारे तिथे ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. सहापट वाढ, तरी जवळपास तीन चतुर्थांश माणसं अजून घरातच. त्यांच्यासाठी प्रत्येक आरोग्यकेंद्रात असा एक माणूस कायम पगारावर हवा, आणि तो त्याच गावातला हवा.