चॅट संदर्भ सेवा

चॅट संदर्भ सेवा हा ग्रंथालयाच्या दूरस्थ संदर्भ सेवेचा एक प्रकार आहे. या सेवेत वाचक आणि ग्रंथपाल आंतरजालावरून एकमेकांना लेखी संदेश पाठवून त्याच वेळी संवाद साधतात. ई-मेलद्वारे दिल्या जाणाऱ्या सेवेत प्रश्न आणि उत्तर यांत काही तासांचे किंवा दिवसांचे अंतर असते. चॅट सेवेत दोन्ही व्यक्ती एकाच वेळी उपस्थित असतात. ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर ही सेवा बहुधा ‘ग्रंथपालाला विचारा’ अशा अर्थाच्या नावाने उपलब्ध असते.

पार्श्वभूमी

वाचकाला व्यक्तिशः मदत करणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, हा विचार अमेरिकेतील वुस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युअल स्वेट ग्रीन यांनी १८७६ साली एका निबंधात मांडला. आधुनिक संदर्भ सेवेचा आरंभ सामान्यतः या निबंधापासून मानला जातो. भारतात शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. दूरस्थ संदर्भ सेवेचा तात्त्विक आधार म्हणून या सूत्राचा उल्लेख केला जातो.

चॅट सेवेपूर्वी दूरच्या वाचकांना पत्र आणि दूरध्वनी यांद्वारे माहिती पुरवली जात असे. १९८४ साली बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने ई-मेलद्वारे संदर्भ सेवा सुरू केली. १९९५ साली मिशिगन विद्यापीठात सुरू झालेल्या ‘इंटरनेट पब्लिक लायब्ररी’ या उपक्रमाने केवळ आंतरजालावर अस्तित्व असलेल्या ग्रंथालयाची कल्पना प्रत्यक्षात आणली.

इतिहास

२००० सालाच्या सुमारास अनेक ग्रंथालयांनी व्यापारी कंपन्यांच्या ग्राहक सेवा केंद्रांसाठी तयार झालेल्या संगणक प्रणाली स्वीकारल्या. या प्रणालींत ग्रंथपाल आपल्या पडद्यावरील पान वाचकाच्या पडद्यावरही उघडू शकत असे. ही सोय आकर्षक असली तरी सशुल्क माहितीसंग्रह वापरताना ती वारंवार बंद पडे आणि संवाद अर्धवट तुटे.

त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सहकारी संदर्भ सेवेचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. सहभागी ग्रंथालयांची विषयवार बलस्थाने आणि कामाच्या वेळा नोंदवून, आलेला प्रश्न योग्य ग्रंथालयाकडे पाठवणे ही त्यामागील कल्पना होती. एका देशात रात्र असताना दुसऱ्या देशातील ग्रंथपाल कामावर असतो, या साध्या वस्तुस्थितीचा त्यात उपयोग करून घेतला होता. या प्रकल्पातून २००२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी ही ग्रंथालय सहकारी संस्था यांची ‘क्वेश्चनपॉइंट’ ही सेवा उभी राहिली. २०१९ साली ती स्प्रिंगशेअर या कंपनीकडे गेली.

दरम्यान अनेक ग्रंथालयांनी सर्वसामान्यांच्या वापरातील मोफत संदेशसाधने स्वीकारली. ‘मीबो’ या साधनाची छोटी चौकट संकेतस्थळावर बसवता येत असे आणि खाते न उघडता वाचकाला प्रश्न विचारता येई. जून २०१२ मध्ये गूगलने मीबो विकत घेतले आणि पुढच्याच महिन्यात ही सेवा बंद झाली. तिच्यावर विसंबून असलेल्या ग्रंथालयांना थोड्या अवधीत पर्याय शोधावा लागला. नॉर्थ कॅरोलिनातील विद्यापीठ ग्रंथालयांच्या संयुक्त रात्रसेवेच्या गरजेतून तयार झालेले ‘लायब्ररीहेल्प’ हे साधन अशा पर्यायांपैकी एक होते. त्यात अनेक ग्रंथपाल एकच रांग सांभाळू शकतात.

कार्यपद्धती

वाचकाने प्रश्न लिहिताच तो रांगेत जातो आणि उपलब्ध ग्रंथपाल तो स्वीकारतो. खरी गरज जाणून घेण्यासाठी ग्रंथपाल जे प्रश्न विचारतो, त्यांना ‘संदर्भ मुलाखत’ म्हणतात. उदाहरणार्थ, ‘मुंबईच्या गिरण्यांवर पुस्तक हवे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात १९८२ च्या गिरणी संपाची वृत्तपत्रीय माहिती हवी असू शकते. समोरासमोर बोलताना चेहरा आणि स्वर यांवरून जे समजते, ते चॅटमध्ये शब्दांतूनच काढून घ्यावे लागते.

म्हणून ग्रंथपालाने लहान संदेश पाठवावेत, शोध घेत असताना तसे कळवावे आणि दीर्घकाळ मौन पाळू नये, असे संकेत रूढ झाले आहेत. पडद्यावर काहीच उमटले नाही, तर आपल्याला सोडून दिले असे वाचकाला वाटते. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या संदर्भ सेवा विभागाने २००४ साली आपल्या वर्तनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दूरस्थ सेवेचा समावेश केला.

उपयुक्तता आणि मर्यादा

दूर राहणारे, अपंगत्व असलेले, तसेच ऐकण्यात किंवा बोलण्यात अडचण असलेले वाचक यांना ही सेवा उपयोगी पडते. समोर जाऊन विचारण्यास संकोच वाटणारे प्रश्नही येथे विचारले जातात. दिलेले दुवे लेखी स्वरूपात वाचकाकडे राहतात. मात्र दीर्घ संशोधनाचा प्रश्न चॅटमध्ये पुरा होत नाही. तो ई-मेलकडे किंवा प्रत्यक्ष भेटीकडे वळवावा लागतो. सेवेच्या वेळेत प्रशिक्षित व्यक्ती उपस्थित ठेवणे हा मोठा खर्च असतो आणि आंतरजाल नसलेला वाचक सेवेबाहेरच राहतो.

गोपनीयता

मेजावर विचारलेला प्रश्न बोलण्याबरोबर विरून जातो. चॅटमधील प्रश्न मात्र साठवला जातो. आजार, कौटुंबिक वाद, कायदेशीर अडचण अशा विषयांवरील प्रश्नासोबत नाव वा ई-मेल जोडलेला असेल, तर त्या नोंदीतून वाचकाचे खासगी जीवन उघड होऊ शकते. नोंदी सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या संगणकावर असल्यास त्यांवर ग्रंथालयाचे पूर्ण नियंत्रण राहत नाही. त्यामुळे अनावश्यक माहिती न मागणे, ठरावीक मुदतीनंतर ओळख पटवणारे तपशील पुसणे आणि हे धोरण वाचकाला आधी कळवणे आवश्यक मानले जाते. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा संमत झाला आहे.

मराठी वाचकांच्या संदर्भात

मराठीतून अशी सेवा देताना लिपीचा प्रश्न उद्भवतो. अनेक वाचक मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहितात. तालिकेत मात्र नोंद देवनागरीत किंवा ठरावीक लिप्यंतर पद्धतीने असते. ‘केतकरांचा ज्ञानकोश’ मागणाऱ्या वाचकासाठी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ या शीर्षकाखाली शोध घ्यावा लागतो. हा दुवा जुळवणे यंत्रापेक्षा जाणकार ग्रंथपालाला सोपे जाते.

स्वयंचलित उत्तर देणाऱ्या प्रणाली

अलीकडे काही ठिकाणी पहिले उत्तर यंत्राकडून दिले जाते. ग्रंथालयाची वेळ, पुस्तक परतीची मुदत यांसारख्या ठरावीक प्रश्नांसाठी ही पद्धत सोयीची ठरते. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे आणि लेखांचे संदर्भही खरे वाटतील अशा रीतीने देऊ शकतात. त्यामुळे संदर्भ पडताळून देणे आणि गरज पडताच वाचकाला माणसाशी जोडून देणे, ही ग्रंथपालाची जबाबदारी कायम राहते.

हे सुद्धा पहा

संदर्भ सेवा
ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री
शि. रा. रंगनाथन