घरच्या अंगणासाठी लीफ ब्लोअर: बॉक्सवरचे कोणते आकडे बघायचे आणि कोणते सोडून द्यायचे?

फेब्रुवारी-मार्च आला की बदाम, पिंपळ, साग अशा झाडांची पानं एकदम गळायला लागतात. सकाळी झाडलेलं पार्किंग दुपारपर्यंत पुन्हा भरलेलं असतं. त्यातच एखादी रील समोर येते. माणूस नळी फिरवतोय आणि पानं आपोआप कोपऱ्यात गोळा होतायत. मग ऑनलाइन ‘इलेक्ट्रिक ब्लोअर’ शोधला जातो, त्यातला स्वस्तातला मागवला जातो आणि घरी येतं ते कॉम्प्युटरमधली धूळ उडवायचं हातातलं छोटं यंत्र.

नाव दोन्हींचं ब्लोअरच. त्यामुळे विक्रेता खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. पण दोन्हींचं काम वेगळं आहे, आणि फरक ओळखायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही.

आधी आकार बघा

हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतो तो धुळीचा ब्लोअर. त्याचं धड गोगलगायीच्या शंखासारखं गोल असतं, बाजूच्या जाळीतून हवा आत जाते आणि पुढे आखूड रबरी किंवा प्लास्टिकचं तोंड असतं. सोबत बहुतेक वेळा एक छोटी कापडी पिशवी येते. सुतारकामाचा भुसा, एसीची जाळी, मोटारींचे कोपरे, गॅरेजचं टेबल यासाठी हे यंत्र उत्तम आहे. अंगणासाठी मात्र कंबर मोडून वापरावं लागतं.

लीफ ब्लोअरची नळी लांब असते. सरळ उभं राहून हात खाली सोडला की तिचं टोक जमिनीच्या जवळ पोहोचलं पाहिजे. तोंड रुंद असतं, कधी चपटं. आजकालच्या बऱ्याच बॅटरीवाल्या मॉडेलमध्ये पंखा नळीच्याच रेषेत बसवलेला असतो. हवा मागून आत येते आणि सरळ पुढे जाते. जाहिरातीतल्या फोटोत यंत्र माणसाच्या हातात दाखवलं नसेल, तर नळीची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारून घ्यावी.

तिसरा प्रकार म्हणजे ब्लोअर-व्हॅक. हा पानं उडवतो, ओढूनही घेतो आणि आतल्या पात्यावर त्यांचा चुरा करून खांद्याला अडकवलेल्या पिशवीत टाकतो. कंपोस्ट करणाऱ्या घरांना हा खरोखर उपयोगी आहे, कारण चुरा केलेली पानं अख्ख्या पानांपेक्षा लवकर कुजतात. पण पिशवी भरत जाते तसं वजन वाढतं. ओल्या पानांनी नळी तुंबते आणि खडी किंवा जाड काडी आत गेली तर प्लास्टिकचं पातं तुटू शकतं. विझलेली वाटणारी सिगारेट किंवा उदबत्तीची गरम राख याने कधीही ओढू नये, पिशवीत कोरडी पानं असतात.

वॅट म्हणजे हवा नव्हे

बॉक्सवर सर्वांत मोठ्या अक्षरात वॅट आणि आरपीएम छापलेले असतात. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं आणि आरपीएम म्हणजे मोटर मिनिटाला किती फेरे घेते. पानं हलतील का, याचं उत्तर या दोन्हींत नाही.

बघायचे ते हवेचे आकडे. पहिला म्हणजे मिनिटाला किती हवा बाहेर पडते. हा कधी घनमीटरमध्ये देतात, कधी सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. साधारण ६०० वॅटचा धुळीचा ब्लोअर मिनिटाला साडेतीन-चार घनमीटर हवा देतो, म्हणजे १२५ ते १४० सीएफएम. बागेच्या ब्लोअरमध्ये हाच आकडा साधारण १० ते १५ घनमीटर, म्हणजे ३५० ते ५३० सीएफएम असतो. युरोपीय कंपन्या तो तासाच्या हिशेबात लिहितात. तिथे ६०० दिसलं तर ६० ने भागून १० घनमीटर समजायचे.

दुसरा आकडा वेगाचा, आणि इथेच गल्लत होते. छोट्या ब्लोअरचं तोंड अरुंद असल्यामुळे हवेचा वेग भरपूर असतो. सेकंदाला ७५ मीटर म्हणजे ताशी २७० किलोमीटर. हा आकडा कित्येकदा मोठ्या लीफ ब्लोअरपेक्षाही जास्त दिसतो. पण बारीक झोत एकेक पान उडवतो, ढीग पुढे ढकलत नाही. बदामाची, सागाची मोठी पानं लोटायला हवेचं प्रमाण लागतं. पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकलेल्या गुलमोहराच्या बारीक पानांना वेग लागतो.

यात आणखी एक पळवाट आहे. जास्तीत जास्त हवा रुंद तोंड लावून किंवा तोंड काढून मोजलेली असते, तर जास्तीत जास्त वेग अरुंद तोंड लावून. दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. म्हणूनच ‘न्यूटन’मध्ये दिलेला जोर हा सर्वांत प्रामाणिक आकडा म्हणता येईल, कारण त्यात हवा आणि वेग दोन्ही एकत्र येतात. घरगुती बागेच्या चांगल्या ब्लोअरला साधारण ९ ते १५ न्यूटन असतात. स्वस्त मॉडेलवर हा आकडा बहुधा सापडतच नाही.

‘४८ व्होल्ट’ची गंमत

बिनवायरच्या स्वस्त ब्लोअरवर ४८व्हीएफ, ८८व्हीएफ, १२८व्हीएफ असे स्टिकर दिसतात. आत बहुतेक वेळा लिथियमचे पाचच सेल एका ओळीत जोडलेले असतात. एका सेलचं नेहमीचं व्होल्टेज ३.६ धरलं तर पाचांचे होतात १८, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ प्रमाणे २१. खरा आकडा चार्जरवर सापडतो. तिथे ‘आउटपुट २१ व्होल्ट’ लिहिलेलं असेल, तर स्टिकरवर काहीही असो, बॅटरी १८ व्होल्टचीच आहे.

किती वेळ चालेल याचा हिशेब घरीच करता येतो. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचं. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर. यंत्र ३०० वॅट खात असेल तर पूर्ण जोरावर १४-१५ मिनिटं मिळतात. लहान बंगल्याच्या पुढच्या अंगणाला तेवढी पुरतात, मागची वाडी असेल तर दुसरी बॅटरी लागते. घरात आधीच एखाद्या कंपनीचं बॅटरीवालं ड्रिल असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारा ब्लोअर नुसता, बॅटरीशिवाय घेतला की बरेच पैसे वाचतात.

वायरवाला घेतला तर

वायरवाला स्वस्त पडतो आणि दमत नाही. ६०० वॅटचा ब्लोअर २३० व्होल्टवर तीन अँपिअरपेक्षा कमी वीज घेतो, साध्या प्लगवर चालतो. पण २५०० वॅटचा ब्लोअर-व्हॅक जवळपास ११ अँपिअर घेतो. तो टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावणं म्हणजे वायर तापवणं. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि जाड वायर हवी, आणि गुंडाळीची वायर पूर्ण सोडूनच वापरायची, कारण गुंडाळीत उष्णता साठून राहते. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर अंगणात वायरचं यंत्र फिरवण्याआधी तो बसवून घ्यावा. ओल्या फरशीवर, नळ चालू असताना किंवा पावसात हे यंत्र वापरायचं नाही. दोन पिनांचा प्लग बघून दचकायचं मात्र कारण नाही. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्या यंत्राला दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही.

खराटाच बरा कुठे?

मातीच्या किंवा सारवलेल्या अंगणात. तिथे ब्लोअर पानांबरोबर माती उडवतो, आणि ती शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसते. पावसाळ्यात चिकटलेल्या पानांपुढेही माडाच्या हिरांचा खराटाच जिंकतो. फरशी, पेव्हर ब्लॉक, हिरवळ, पत्र्याची पन्हळ, इथे ब्लोअरला तोड नाही. बाल्कनी आणि एका गाडीच्या पार्किंगपुरतं काम असेल तर धुळीचा छोटा ब्लोअरही चालून जातो.

आवाजाचं म्हणाल, तर अमेरिकेत पेट्रोलवर चालणाऱ्या ब्लोअरवरून मोठे वाद झाले. वॉशिंग्टन शहरात २०२२ पासून त्यांच्या वापरावर बंदी आहे, आणि कॅलिफोर्नियात प्रदूषण करणाऱ्या अशा नव्या यंत्रांची विक्री २०२४ पासून थांबवली गेली. इलेक्ट्रिक ब्लोअर त्यामानाने शांत, पण निःशब्द नाही. डेसिबलचे आकडे ताडताना अंतर बघावं. अमेरिकी कंपन्या अनेकदा ५० फुटांवरून मोजलेला आकडा देतात, तो साहजिकच कमी दिसतो. चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज बराच जास्त असतो, म्हणून कानात बोळे, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच. सोसायटीत रविवारी सकाळी सातला सुरू करण्याआधी शेजाऱ्यांचा विचार केलेला बरा.

गोळा झालेली पानं पेटवू नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर आणि मोकळ्या सार्वजनिक जागी कचरा जाळायला मनाई केली, आणि बागेचा कचरा वेगळा साठवायला सांगितलं. जाळीच्या पिंपात पानं दाबून भरायची, अधूनमधून पाणी आणि थोडं आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडायचा. काही महिन्यांत त्याच झाडांच्या बुंध्याशी घालायला खत तयार होतं.